शाल, श्रीफळ आणि भिंत

आमच्या घरी नारळ सहसा विकत आणावा लागत नाही, ही गोष्ट आम्ही अनेक वर्षे थोड्याशा अभिमानाने सांगत आलो. गिरगावातील एका वाडीत सारा जन्म काढलेल्या आणि चार-दोन मंडळांची खजिनदारी केलेल्या गृहस्थास वर्षाकाठी दहा-बारा सत्कार सहज लाभतात. सत्कार म्हटला की शाल आली, आणि शालीच्या पाठोपाठ श्रीफळ आले. शालींची आमच्या कपाटात चळत झाली होती. मुंबईच्या हवेत शाल अंगावर घेण्याचा योग वर्षातून दोन दिवसही येत नाही; म्हणून त्या आम्ही पुढील सत्कारमूर्तींच्या खांद्यावर घालीत असू. त्यांतील एखादी फिरत फिरत पुन्हा आमच्याच खांद्यावर आली नसेलच, अशी खात्री देववत नाही. नारळाचे तसे नाही. तो फुटतो, खवला जातो, आणि सत्काराचे सार्थक स्वयंपाकघरात होते. परंतु २०१९ च्या गुढीपाडव्यापासून श्रीफळ देताना व घेताना आमचा हात किंचित अडखळू लागला. त्याची ही हकीकत.

सार्वजनिक कार्याची हौस ही आमच्या भागाच्या हवेतच आहे. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ झाला, तेव्हापासून चाललेला केशवजी नाईकांच्या चाळीतील उत्सव आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. वर्गणी कशी मागावी, मांडव कोठे ठोकावा, परवानगीचा कागद कोणत्या टेबलावर अडतो, रुसलेल्या कार्यकर्त्यास कोणाकडून बोलावणे धाडावे, ही विद्या येथे मुलांस शिकवावी लागत नाही. मूर्तिकार, देखाव्यांचे कारागीर, रांगोळी काढणाऱ्या मुली, नाटकाचे पडदे रंगविणारे हात, अशा कितीतरी लोकांस ह्या उत्सवांनीच आपली कला चारचौघांसमोर मांडण्याची पहिली जागा दिली. ज्याच्या दिवाणखान्यात एकही चित्र नाही, अशा माणसाने आमच्या वाडीत दरवर्षी कलेसाठी वर्गणी दिलेली आहे.

भिंत रंगविण्याची कल्पना मात्र आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. वाडीतील दोन तरुण एका फेब्रुवारीत काळ्या घोड्याच्या कलामहोत्सवात स्वयंसेवक म्हणून राबून आले आणि डोळ्यांत निराळेच तेज घेऊन परतले. त्यांच्या आग्रहास्तव आम्हीही एक सायंकाळ तेथे घालविली. त्या ठिकाणाची कथा मोठी मौजेची आहे. सर अल्बर्ट ससून यांनी देणगी म्हणून दिलेला युवराज एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा तेथे १८७९ साली उभारण्यात आला. लोकांनी युवराजास विचारले नाही. घोड्याचा काळा रंग तेवढा ध्यानात ठेवला आणि चौकास त्याचे नाव दिले. १९६५ साली पुतळा तेथून हलविला गेला व भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन राहिला. घोडा गेला, तरी नाव गेले नाही. पुढे १९९८ साली त्या भागाच्या हितचिंतकांनी एक संस्था स्थापिली, १९९९ पासून कलामहोत्सव सुरू केला, आणि उत्सवाच्या उत्पन्नातून तेथील जुन्या वास्तूंच्या डागडुजीस हातभार लावला. अखेर २०१७ साली चौकात नवा काळा घोडा आला. ह्या खेपेस त्याच्या पाठीवर कोणीही स्वार नाही. आम्ही त्या घोड्याकडे बराच वेळ पाहत होतो. राजपुत्रास खाली उतरवून लोकांनी आपल्या आठवणीपुरता घोडा ठेवून घ्यावा, ही घटना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटली.

तेथून दोन पावलांवर १९५२ साली उघडलेले जहांगीर कलादालन आहे, आणि त्याच्या बाहेर पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले असतात. आतील दालनात शिरण्यास अनेकांचे पाऊल उचलत नाही. बाहेरच्या चित्रांपुढे मात्र कचेरीतून सुटलेला कारकूनही निःशंकपणे उभा राहतो. आमच्या मनात आले, कला अशी वाटेवर भेटली पाहिजे. परतताना आम्ही तिघांनी मिळून वाडीच्या तोंडाशी असलेली पडकी, जाहिरातींनी बरबटलेली, पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली लांबलचक भिंत मनातल्या मनात रंगवून टाकली.

आता चित्रकार कोण? कोणी कलाशाळेतील विद्यार्थ्यांस बोलवावे म्हणाले, कोणी आपल्या भाच्याचे नाव सुचविले. परंतु वाडीच्या मागच्या अंगास एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांस सारे ‘पेंटर’ म्हणूनच ओळखतात. एके काळी आमच्या रस्त्यावरील निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. ‘श्री’ची वेलांटी अशी काढीत, की जणू ती अक्षरावर छत्र धरून उभी आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस यंत्रावर छापलेले फ्लेक्सचे फलक आले. आठ दिवसांचे काम अर्ध्या तासात होऊ लागले, आणि पेंटरांचे कुंचले हळूहळू डब्यात पडून राहिले. पेंटर हा शब्द काही हलका नव्हे. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी नाटकांचे पडदे रंगविता रंगविता तो आपल्या नावास असा जोडला, की पुढे चित्रपटसृष्टीने त्यांस बाबूराव पेंटर ह्याच नावाने वंदन केले. आणि हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच आपले दिवस काढले होते. आमच्या पेंटरांकडे आम्ही गेलो, भिंतीची गोष्ट काढली, आणि त्यांनी चष्मा पुशीत एवढेच विचारले, “किती फूट?”

त्यानंतरचे एकोणीस दिवस वाडीच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे होते. परवानगीचे कागद तरुणांनी मिळविले. एका मजुराने भिंत खरवडली. तिच्या पोटातून जुन्या निवडणुकांचे चार-पाच थर निघाले. मग भेगांत लांबी भरली, अस्तराचा हात झाला, आणि पेंटरांनी रंगात बुडविलेले सूत ताणून भिंतीवर चौकटी पाडल्या. तळहाताएवढ्या कागदावरील चित्र एकेका चौकटीतून वाढत वाढत भिंतभर कसे पसरते, हे पाहण्यास शाळा सुटली की मुले परांचीखाली जमत. चित्र होते ट्रामचे. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. तेव्हा पेंटर दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांनी ट्रामच्या पायरीवर लोंबकळणारा मुलगा काढला, खिडकीत वेणी घातलेली बाई काढली, घंटा वाजविणारा चालक काढला. वाडीतील वृद्ध मंडळी खुर्च्या टाकून बसू लागली. ट्रामच्या पाटीवरील क्रमांक कोणता असावा, ह्यावर दोन आजोबांचे असे भांडण जुंपले, की चार दिवस अबोला राहिला. शेवटी पेंटरांनी क्रमांकाच्या जागी झाडाची एक फांदी आणून सोडली आणि दोघांचीही समजूत घातली.

काम संपत आले तेव्हा समितीने ठरविले, की भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात कार्यकर्त्यांची नावे असावीत. पेंटरांनी आमची अकरा नावे आपल्या सुरेख वळणात लिहून दिली. बारावे नाव लिहावयास सांगावे, हे आम्हां अकरांपैकी एकासही सुचले नाही, आणि त्यांनीही ते लिहिले नाही.

पाडव्यास समारंभ थाटाचा झाला. मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, पाहुणे होते. भाषणांत कलेचा गौरव झाला, स्वयंसेवकांचा झाला, वर्गणीदारांचा झाला. पेंटरांस व्यासपीठावर बोलावून शाल व श्रीफळ देण्यात आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि ते खाली जाऊन मागच्या रांगेत बसले. आम्ही स्वतः ती शाल त्यांच्या खांद्यावर घातली होती. ती कपाटातील चळतीतील होती की नवी, हे सांगण्याचे धैर्य आम्हांस आजही होत नाही.

त्या रात्री आम्ही हिशेब लिहावयास बसलो. खजिनदारास हिशेब मोठ्याने वाचण्याची खोड असते. एकूण वर्गणी ६२,४०० रुपये. रंग, परांची व मजुरी २१,०००, मांडव १४,०००, ध्वनिक्षेपक ९,५००, चहा व फराळ ६,२००, निमंत्रणपत्रिका ३,८००, पाहुण्यांस पुष्पगुच्छ व स्मृतिचिन्ह २,३००, कलावंताचा सत्कार, शाल व श्रीफळ मिळून, ६५०. शिल्लक ४,९५०. बेरीज जुळली. बेरीज पहिल्या झटक्यास जुळली, म्हणजे खजिनदारास जो आनंद होतो, त्यास उपमा नाही. एवढ्यात पलीकडे नारळ खवीत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी मान वर न करताच विचारले, “मांडववाल्याला शाल आणि श्रीफळ का नाही दिले?”

“त्याचे बिल असते,” आम्ही म्हणालो.

“मग पेंटरांचे बिल कुठे आहे?”

“अगं, ते आपल्यातलेच आहेत.”

“मांडववालाही आपल्याच गल्लीतला आहे की.”

ह्यावर आम्ही वही मिटली. परंतु काही वह्या मिटल्या तरी मिटत नाहीत. भिंत खरवडणाऱ्या मजुरास रोजच्या रोज रोख मिळत होते. ज्याने तिच्यावर चित्र काढले, त्यास नारळ! आणि हे करताना आम्हांस यत्किंचितही खंत वाटली नव्हती. उलट आपण कलेची सेवा करीत आहोत, ह्या समाधानात आम्ही तरंगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेंटरांच्या खोलीवर गेलो. ते घरावर लावावयाची एक नावाची पाटी रंगवीत होते. शाल तिच्या पिशवीतच घडी करून ठेवलेली होती, आणि नारळ देवापुढे होता. आम्ही आडवळणाने बोलू लागलो. पण लाज ही आडवळणाने सांगता येत नाही. शेवटी म्हणालो, “पेंटर, आम्ही आपल्याला दर विचारलाच नाही.”

“कोणी विचारला नाही म्हणून मी सांगितला नाही,” ते म्हणाले. “आणि आपण होऊन सांगितला असता, तर तुम्हाला कोणी तरी हौशी माणूस मिळाला असता. मला ती भिंत हवी होती.”

थोडा वेळ ते कुंचला पुशीत राहिले. मग अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता म्हणाले, “पण त्या एकोणीस दिवसांत पाट्यांची दोन कामे हातची गेली. ह्या महिन्याचे विजेचे बिल मुलीने भरले.”

आम्ही बऱ्याच सभा पाहिल्या, बरीच कडक भाषणे ऐकली. परंतु त्या एका वाक्याने आम्हांस जेवढे निरुत्तर केले, तेवढे कोणत्याही वक्त्याने केले नाही. दर विचारला. भिंत मोठी असल्याने फुटावर न सांगता त्यांनी रोजावर सांगितला: दिवसास १,५०० रुपये. म्हणजे २८,५००. तो त्यांनी असा सांगितला, की जणू दुसऱ्याच कोणाच्या कामाचा हिशेब करीत आहेत.

समितीची बैठक त्याच रात्री भरली, आणि ती मुळीच सुखाची झाली नाही. एक सभासद म्हणाले, की पेंटरांनी वाडीवरील प्रेमापोटी काम केले. त्यास पैशाचा स्पर्श करणे म्हणजे त्या प्रेमाचा अपमान होय. दुसरे म्हणाले, एवढ्या लोकांनी चित्र पाहिले, त्यांचे नाव झाले, हे काय थोडे झाले? आम्ही विचारले, “नाव भिंतीवर आहे का?” सारे गप्प झाले. तिसरे म्हणाले, आपण तरी कोठे पैसे घेतले? आपणही फुकटच राबलो की! हा युक्तिवाद मात्र खरोखर विचारात टाकणारा होता. कारण आम्हीही मनाशी तोच घोकीत इतके दिवस निश्चिंत झोपलो होतो.

ह्याचे उत्तर आम्हांस त्या रात्री नीटसे देता आले नाही. पुढे विचार करता ते हळूहळू उलगडत गेले. आमच्यापैकी कोणी बँकेत होते, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. आम्ही सायंकाळचे दोन तास दिले. त्यामुळे कोणाच्या घरची चूल थंडावली नाही. आमच्या दृष्टीने चित्र हा विरंगुळा होता. पेंटरांच्या दृष्टीने तो व्यवसाय होता. विनामूल्य राबण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, आणि तो मोठा सुंदर अधिकार आहे. परंतु तो स्वतःपुरताच आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे दान करून आपण दानशूर म्हणवून घ्यावे, हा अधिकार कोणत्याही समितीस कोणी दिलेला नाही. आपला वेळ देतो तो स्वयंसेवक. दुसऱ्याचा वेळ देऊन टाकतो, त्यास काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

स्वयंसेवकांचे काम काहीच नाही, असे मात्र आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. ते असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अलिबागेजवळच्या सासवणे गावी एका मुलाने राममंदिराच्या भिंतीवर शिवरायांचे चित्र काढले होते. ते त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साहाय्याने तो मुलगा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आला. पुढे १९२८ साली पुण्यात जो भव्य अश्वारूढ शिवपुतळा उभा राहिला, तो त्याच विनायकराव करमरकरांच्या हातचा. रॉथफील्ड यांनी चित्र पाहून नुसती मान डोलावली असती, शाबासकी देऊन घोडा पुढे हाकला असता, तर त्या भिंतीवरील चित्र एखाद्या पावसाळ्यात पुसले गेले असते, आणि त्याबरोबर बरेच काही. तीच गोष्ट के. एच. आरा यांची. लहानपणी मुंबईस पळून आलेला, घरकाम करून आणि मोटारी धुऊन पोट भरणारा हा माणूस. जाणत्या लोकांनी त्याची चित्रे ओळखली, आधार दिला, आणि १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत तो बसला. त्याहूनही आम्हांस थोर वाटते ते हे, की पुढे त्यांनी काळ्या घोड्याजवळच्या आर्टिस्ट्स सेंटरमध्ये होतकरू चित्रकारांसाठी आपली उत्तरायुष्यातील वर्षे वेचली. ज्यास हात मिळाला, त्याने हात दिला.

ह्या उदाहरणांत मदत करणाऱ्याने कलावंतास काय दिले? शिक्षण दिले, जागा दिली, उद्याची थोडी निश्चिंती दिली. आम्ही पेंटरांस टाळ्या दिल्या. टाळ्या वाईट नव्हेत. परंतु त्या घेऊन वाण्याकडे जाता येत नाही. स्वयंसेवकाने भिंत मिळवून द्यावी, परवानगीसाठी हेलपाटे घालावेत, परांची धरावी, वर्गणी गोळा करावी, पाहणारे लोक जमवावेत, आणि चित्र झाल्यावर ते राखावे. ही सारी कामे अशी आहेत, की ती एकट्या चित्रकारास करता येत नाहीत व करावीही लागू नयेत. तेवढी केली म्हणजे स्वयंसेवकाचा धर्म पार पडतो. चित्रकाराचे मोल चुकते करणे हा धर्मही नव्हे. तो केवळ हिशेब आहे.

बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. अखेर शिल्लक ४,९५० बाजूस काढून उरलेले २३,५५० रुपये अकरा जणांनी आपापल्या खिशातून भरावेत, असे ठरले. प्रेमाच्या अपमानाची भीती वाटणाऱ्या सभासदांनी आपला वाटा सर्वांत आधी आणून दिला, हे येथे नमूद केले पाहिजे. माणसे वाईट नव्हती. त्यांनी विचार केला नव्हता, एवढेच.

पाकीट घेऊन आम्ही गेलो, तेव्हा पेंटर संकोचतील, नको म्हणतील, असा आमचा तर्क होता; आणि खरे सांगावयाचे तर, थोड्या आढेवेढ्यांनी आमच्या मोठेपणास शोभाही आली असती. तसे काही झाले नाही. त्यांनी पैसे दोनदा मोजले, कागद घेतला, आणि पाटी रंगवावी तशा ठसठशीत अक्षरांत पावती लिहून दिली: ‘भिंतीवरील चित्रकाम, दिवस १९, पैसे पोहोचले.’ खाली सही केली. ती पावती आम्ही हिशेबाच्या वहीत चिकटवून ठेवली आहे. त्या वहीत तिच्याइतके सुंदर पान दुसरे नाही.

त्या वर्षीच्या पावसाने भिंतीस ओल आली. ट्रामच्या चाकांवर शेवाळ चढले, आणि उजव्या कोपऱ्यातील आमची अकरा नावे पोपडे धरून गळू लागली. दिवाळीपूर्वी डागडुजी करावयाचे ठरले, तेव्हा पहिल्याच बैठकीत दर विचारला गेला. खर्चाच्या अंदाजपत्रकात मांडवाच्याही वर, पहिल्या ओळीत, ‘चित्रकार’ असे लिहिले गेले, आणि मांडव मग आपोआपच लहान झाला. नावांचे काय करावे, असे पेंटरांनी विचारले, तेव्हा समितीतील तरुणांनीच सांगितले, की ती गळू द्यावीत. त्या जागी एकच नाव घालावे. पेंटरांनी ते अगदी बारीक अक्षरांत घातले. जवळ गेल्याखेरीज दिसत नाही. पण दिसावयाचे त्यास दिसते, आणि पानाची पिचकारी टाकावयास आलेला माणूस अजून तरी त्या ट्रामपुढे क्षणभर थांबतो आणि तोंड वळवून पुढे जातो.

आमच्या सत्कारांचे प्रमाण मात्र त्यानंतर घटले. जेथे आमचे चालते, तेथे आम्ही आधी पाकिटाची चौकशी करतो आणि मग शालीची. असा खजिनदार सर्वत्र प्रिय होत नाही. परिणामी हल्ली आमच्या घरी नारळ विकत आणावा लागतो. वाणी त्याचे पैसे रोख मागतो, आणि ते मागताना त्यास मुळीच संकोच वाटत नाही.